नणंदेनं फाडलेली पावती

चौसाळा,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय तेजश्री,

पत्र बघून दचकू नको. घरी समदे खुशाल हाईत. आप्पांचा गुडघा तेवढा थंडीनं कुरकुर करतोय. तुझे दादा परवा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर कोल्हापूरकडं गेले, ते आता उन्हाळा लागल्यावरच येतील. फोन सोडून पत्र कावून, आसं तुला वाटंल. आगं, फोन हातात घेतला की आप्पा टीव्हीचा आवाज बारीक करतेत आन् शेजारची भामाबाई दारात येऊन गहू निवडायला बसती. मला जे इचारायचंय ते त्यांच्या म्होरं इचारायची लाज वाटती. सासरे पोलिसाचे बाप म्हणून मिरवतेत आन् सुनेला पोलिसाची धास्ती, हे काय सांगायचं?

आपली मॅजिक गाडी मी चालवायला घेतलीय, हे दादांनी तुला सांगितलंच आसंल. ते ट्रॅक्टरवर गेल्यावर गाडी दारात उभी राहून काय करणार? प्रवासी गाडी चालवायचा बॅज काढला, परमिट हाय, इमा हाय. सकाळी वस्तीवरच्या पोरी घेते आन् बीडला कॉलेजात सोडते. एसटी वस्तीवर येत न्हाई. फाट्यापस्तोर चालत जायचं, म्हणून दोघींचं शिक्षण घरच्यांनी बंदच केलतं. आता त्या पुन्हा जायला लागल्यात. त्यांच्या आया मला सकाळी दुधाचा चहा देतेत, त्याच्यात समदं आलं.

पर परवा मांजरसुंब्याच्या अलीकडं एका माणसानं हात केला. साधा शर्ट, डोक्याला रुमाल. मी थांबले. त्यानं खिडकीतून हात घालून आधी किल्लीच काढली. म्हणला, "कागद दाव. बायकांनी कशाला ही लाइन धरायची?" मी मोबाइलमधलं लायसन दाखवलं तर म्हणला, "ह्ये चालत न्हाई, ओरिजनल आण." पोरी रडकुंडीला आल्या. शेवटी एका ट्रकवाल्यानं मधी पडून किल्ली परत मिळवून दिली. पोरींचा पहिला तास बुडाला.

तो माणूस पोलीस होता का, मला कळलं न्हाई. पोलिसाला किल्ली काढून घेता येती का? मोबाइलमधलं लायसन खरंच चालत न्हाई का? थांबवलं तर खाली उतरायचं का गाडीतच बसायचं? जागेवरच पैसे द्यावे लागतेत का? आन् एखाद्या सायबाला उलटं इचारलं तर त्यो रागावंल का? तू हसशील, पर खरं सांगते, त्या दिवसापासून फाटा जवळ आला की माझा पाय आपसूक ब्रेकवर जातो.

जेवत जा वेळेवर.

तुझी वहिनी,
विजयमाला


अंबाजोगाई,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय वहिनी,
नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमननं ड्युटीवरच आणून दिलं. चौकातच फोडलं आणि मेडिकल कॉलेजच्या भिंतीला टेकून वाचलं. आमच्या मंजुळा मॅडम, म्हणजे आमच्या फौजदार, म्हणाल्या, "काय गं, स्थळ आलंय का?" मी म्हटलं, "स्थळ नाही, माझ्या वहिनी गाडी चालवतात, त्यांचं पत्र आहे." त्यांनी तुमचं नाव विचारून घेतलं.

हसले बिलकूल नाही. तुम्ही विचारलंत तेच मला रोज लोक विचारतात, पण दंड झाल्यावर, ओरडून. शांतपणे आधी विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

तर ऐका. रस्त्यात कागद मागायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे. तसाच आरटीओच्या माणसालाही आहे, पण त्यानं ओळख दाखवली पाहिजे. रुमालवाल्याला तो नाही. गणवेशातल्यानं हात केला की मात्र थांबायचंच, पळायचं नाही. गाडी डाव्या कडेला घ्या, इंजिन बंद करा, हात स्टेअरिंगवर दिसतील असे ठेवा. खाली उतरा म्हटलं तर उतरा. किल्ली काढून घ्यायचा अधिकार कायद्यानं कुणाला दिलेला नाही. कागदच नसतील तर गाडी अडकवून ठेवता येते, पण मग तशी लेखी पावती द्यावी लागते. लायसन मोबाइलमधलं चालतं, फक्त ते सरकारी अ‍ॅपमध्ये पाहिजे. गॅलरीत काढलेला फोटो दाखवलात तर तो धरणार नाहीत. गाडीतल्या एखाद्या मुलीला बसवून आजच ते करून घ्या.

दंड झाला तर मशीनवर चलान निघतं. जागेवर भरायची सक्ती नाही, नंतरही भरता येतो. चलान चुकीचं वाटलं तर तक्रार करता येते, कोर्टातही जाता येतं. आणि कुणी चलान न करता हात पुढं केला, तर एवढंच म्हणा, "साहेब, पावती करा." ह्या तीन शब्दांनी पुष्कळ हात मागं गेलेले मी पाहिलेत. नाव, हुद्दा विचारा. नीट विचारलं तर नीट काम करणारा रागावत नाही.

वहिनी, पोलीस भरतीच्या वर्षी मी पहाटे नदीच्या रस्त्यानं धावायचे आणि तुम्ही दादांचं घड्याळ घेऊन कडेला उभ्या राहायच्या. आप्पांना वाटायचं, आपण सरपणाला गेलोय. मी थांबले की तुम्ही नुसतं म्हणायच्या, "आजून एकदा." तुमच्यासारख्या बाईनं त्या रुमालवाल्याला भ्यावं, हे मला सहन होत नाही.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाही. गाडीत किती मुली बसवता?

तुमची,
तेजश्री


चौसाळा,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय तेजश्री,

तुझं पत्र मी इतक्या बाऱ्या वाचलंय की घड्यांवर फाटाया लागलंय. आता जे झालं ते ऐक.

त्यो रुमालवाला पुन्हा भेटला. तिथंच. हात केला. मी गाडी कडंला घेतली, किल्ली काढून मुठीत धरली आन् काच चार बोटं खाली केली. म्हणले, "दादा, वर्दी कुठं हाय?" त्यो म्हणला, "सायबांचा माणूस हाय मी." मी म्हणले, "मग सायबांना बोलवा. त्यांचं नाव सांगा, हुद्दा सांगा, मी बसते हितंच." त्यो माझ्याकडं बघतच राहिला. मागून पोरींनी मोबाइल वर धरले. "लई शिकलीस," म्हणला आन् मोटारसायकलला किक मारून गेला. मागून कळलं, ह्याच रस्त्यावर माणसं भरणाऱ्या दुसऱ्या एका लाइनवाल्या जीपचा माणूस होता, बायका लाइनीवर आलेल्या त्यांना नको होत्या. पोरींनी मांजरसुंब्यापस्तोर टाळ्या वाजवल्या.

त्याच्या म्होरल्या आठवड्यात खरे पोलीस भेटले. मी आधीच सरकारी अ‍ॅप उघडून ठेवलं. त्या हवालदारांनी बघितलं आन् म्हणले, "ताई, चला सावकाश." एवढंच! मला वाटलं, उतरून त्यांना चहा पाजावा.

वस्तीवरच्या केशरबाईची नात करिष्मा आता गाडीत येती. बारावीला हाय. तिचे आईबाप ऊसतोडीला गेले, तिलाही नेणार होते, स्वयंपाकाला. मी केशरबाईला म्हणले, परीक्षेपस्तोर हिला माझ्या हवाली करा. पोरगी लई हुशार. मागच्या दाराशी बसून गाडी हलतानाबी वाचती.

आप्पांचं इचारू नको. पारावर बसून सांगतेत, "आपली पोरगी खात्यात हाय, आपल्या गाडीला कोण हात लावतंय?"

संक्रांतीला आलीस तर तिळगुळाच्या पोळ्या करीन.

तुझी वहिनी


अंबाजोगाई,
११ जानेवारी २०२६

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मी मंजुळा मॅडमना वाचून दाखवलं. "दादा, वर्दी कुठं हाय?" ह्याला त्या एवढ्या हसल्या की टपरीवाला बाहेर येऊन बघायला लागला. म्हणाल्या, ही बाई आपल्या शाखेत पाहिजे होती. करिष्मा दाराशी बसते ते ऐकून त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

संक्रांतीला सुट्टी नाही. पोळ्या राहू द्या.

आता रागावू नका. मी विचारलं होतं, मुली किती बसवता. तुम्ही सगळं लिहिलंत, ते नाही लिहिलं. तुमच्या गाडीला चालक सोडून सात माणसांची परवानगी आहे. करिष्मा दाराशी बसते म्हणजे जागा संपल्यावर बसते, हे मला कळतं. वहिनी, सातच बसवा. लागलं तर दोन फेऱ्या करा. हे मी पोलीस म्हणून सांगतेय असं समजा, नाहीतर तुमची तेजू म्हणून सांगतेय असं समजा. पण ऐका.

आणि आप्पांना सांगा, पारावर माझं नाव घेऊ नका. माझ्या नावानं कुणाची गाडी सुटत नाही. आपली तर नाहीच नाही.

तुमची,
तेजश्री


चौसाळा,
११ फेब्रुवारी २०२६

तेजश्री,

काल मांजरसुंब्याला जे झालं त्याच्यावर मला फोनवर बोलायचं न्हाई, म्हणून लिहिते.

इंग्रजीचा पेपर होता. पोरी देवाला नमस्कार करून निघालत्या. तू हितं ड्युटीला येणार, हे एका शब्दानं कळवलं न्हाईस. फाट्यावर तू हात केलास. मला आधी हसूच आलं. वाटलं, पोरींना पेढा द्यायला थांबवलं. तू जवळ आलीस, सलाम केलास आन् म्हणलीस, "नमस्कार. मी पोलीस शिपाई तेजश्री, वाहतूक शाखा. कागद दाखवा." मला! मी लग्न होऊन आले तवा तू सहावीत होतीस, तुझ्या दोन वेण्या मी घातल्यात.

कागद बघितलेस. मग मागं जाऊन पोरी मोजल्यास. "सातची परवानगी आहे, नऊ आहेत. दोघींना उतरावं लागेल." करिष्माचं तोंड तू बघितलंस का? पेपरच्या दिवशी, हमरस्त्यावर! पलीकडं गावपुढारी विठ्ठलरावांचा पुतण्या अमरसिंह त्याच्या काळ्या काचांच्या गाडीला टेकून बघत होता. मोठ्या लोकांपुढं तुला कडकपणा दाखवायचा होता. दाखवलास. पोरी माझ्या कानाशी म्हणत होत्या, "काकू, सांगा की, ही तुमची नणंद हाय." मी ओठ शिवून बसले. तू मशीनवर पावती काढलीस, माझ्या हातात दिलीस आन् त्या दोघींना पोलिसांच्या जीपमधी बसवलंस.

गावात मी पोचायच्या आधी बातमी पोचली, करिष्माला पोलिसांनी उचललं. केशरबाई दारात बसून ऊर बडवत होती. पोरगी संध्याकाळी हसत घरी आली तवा कुठं ती उठली. आप्पांना पारावर लोकांनी इचारलं, "काय आप्पा, तुमच्या गाडीला कोण हात लावतंय?" ते घरी आले, जेवले न्हाईत. म्हणले, तिचं नाव पुन्हा माझ्या म्होरं काढू नका.

मला एवढंच सांग. मी तुझी कोण लागते?

विजयमाला


अंबाजोगाई,
१८ फेब्रुवारी २०२६

प्रिय वहिनी,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसले होते. तीन दिवस नुसतं "प्रिय वहिनी" लिहून पुढं सरकले नाही.

मोहिमेचा हुकूम आदल्या रात्री निघाला. कुठल्या फाट्यावर, ते पहाटे गाडीत बसल्यावर कळलं. आणि कळलं असतं तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं. कुठं तपासणी आहे हे घरी सांगायचं नसतं.

अमरसिंहची गाडी मी तुमच्या आधी थांबवली होती. काळ्या काचा, आणि नंबरच्या जागी नुसतं नाव. तो फोनवर फोन लावत होता. मी चलान करायला लागले तर म्हणाला, "मॅडम, आमच्यावरच कावून? तुमच्या घरचं कुणी आलं आसतं तर सोडलंच आसतं की." मी म्हटलं, "नसतं सोडलं." तो हसला. आणि मान वर करते तर तुमची गाडी येत होती. त्यानं गाडी ओळखली. "ही तर आप्पांची," म्हणाला, आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

वहिनी, अमरसिंह तिथं नसता तरी मी तुम्हाला थांबवलं असतं. हे तुम्ही खरं मानावं, एवढीच माझी इच्छा आहे. तुमच्याकडं येताना मी माझंच नाव आणि हुद्दा मनात घोकत होते.

जानेवारीत मी तुम्हाला एक लिहिलं नाही. पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं घाटात एक रिक्षा उलटली होती, शाळेच्या मुलांची. जागेपेक्षा जास्त भरलेली. सगळी वाचली, एक मुलगी सोडून. ती दाराशी बसली होती. दार उघडलं आणि ती आधी फेकली गेली. तिला मी उचललं होतं. हे लिहिलं असतं तर गाडी चालवताना तुमचं लक्ष रस्त्यावर राहिलं नसतं, म्हणून नुसतं "ऐका" लिहिलं. कदाचित तिथंच चुकले. लिहायला हवं होतं.

त्या दोघींना रस्त्यावर सोडायचा विचार कुणाच्याच मनात नव्हता. जास्तीची माणसं उतरवली तर त्यांची दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी पुढं सोडायची नाही, असंच कायदा सांगतो. मंजुळा मॅडम स्वतः त्यांना जीपमधून घेऊन गेल्या. केंद्रावर त्या दोघी तुमच्या गाडीच्या आधी पोचल्या. वाटेत करिष्मानं मॅडमना विचारलं, पोलीस व्हायला बारावीला किती टक्के लागतात.

आणि आता तुमचं. रस्त्यावर रोज शंभर माणसं मला सांगतात, मी अमक्याचा, मी तमक्याचा. तुम्ही माझ्या वहिनी, तुम्हाला बोलायचा सगळ्यांपेक्षा जास्त हक्क होता. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पावती घेतलीत, सही केलीत. तुमची गाडी निघून गेल्यावर अमरसिंहनं हाताची घडी सोडली आणि फोन खिशात टाकून कागद पुढं केले. वहिनी, त्याला मी नाही नमवलं. तुमच्या गप्प बसण्यानं नमवलं. मॅडम जीपमधून परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, त्या माझ्या वहिनी होत्या. त्यांनी गाडी गेली त्या रस्त्याकडं बघून सलाम केला. विनोदानं नाही.

तुम्ही माझ्या कोण लागता, हे मला एका शब्दात सांगता येत नाही.

तुमची,
तेजू


चौसाळा,
१५ मार्च २०२६

माझी तेजू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गाडी धुवायला काढलती. मागचं दार पुसताना करिष्माच्या बसायच्या जागेवर माझा हात थांबला. कडी ढिली हाय, मला ठावं होतं. दादा आल्यावर बघू म्हणून मी दोरीनं बांधलतं. तिथंच बसून तुझं पत्र वाचलं. मग उठले आन् तशीच मिस्त्रीकडं गेले. त्यानं कडी बदलून दिली.

आता दोन फेऱ्या करते. पहिली लवकर निघती, पोरींच्या आया कुरकुरल्या, मग त्याच पोरींना पहाटे उठवाया लागल्या. परीक्षा सुरळीत पार पडली. करिष्मा आता पहाटे नदीच्या रस्त्यानं धावती. घड्याळ घेऊन कोण उभं राहतं, ते तुला सांगायला नको.

रागात मला काय काय दिसलंच न्हाई, ते नंतर सुचत गेलं. तू मला सलाम केलास. "तुम्ही" म्हणलीस. किल्लीकडं बघितलंसुद्धा न्हाई. पावतीवर काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचून दाखवलंस. आगं, त्या रस्त्यावर आजपस्तोर मला कुणी एवढ्या अदबीनं बोललं न्हाई, आन् मी म्हणत होते, नणंदेनं लाज घालवली! परवा वस्तीवरच्या बायकांना मी सांगितलं, पोलिसानं थांबवावं तर आमच्या तेजूसारखं.

आप्पांचं ऐक. विठ्ठलरावांचं मन दुखावलं आसंल म्हणून ते काठी टेकत त्यांच्या वाड्यावर गेलते. माफी मागायला. माझ्या जिवाला घोर. आले ते अंगणात उभेच. म्हणले, "इठ्ठलराव काय म्हणला, ठावं हाय का? म्हणला, आप्पा, तुमची पोरगी सख्ख्या भावजयीला सोडीना, आमच्या अमरसिंहला काय सोडंल? म्हणला, मी पुतण्याच्या गाडीच्या काळ्या काचा दुसऱ्याच दिवशी बदलायला लावल्या." मी इचारलं, "आप्पा, मग तुमी काय म्हणले?" तर म्हणले, "मी काय म्हणणार? चहा प्यालो." पर त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या, आन् संध्याकाळी पारावर लई वेळ बसले. काय सांगत होते कुणास ठाऊक. भामाबाई म्हणती, आप्पांच्या तोंडून पुन्हा पोरीचं नाव चाललंय, पर आता बोलणं निराळं हाय.

मी लिहायला बसले तसे आप्पा पुढ्यात येऊन बसलेत. तुझ्याशी बोलायचं न्हाई म्हणतेत, पर एक इचारायचं हाय म्हणतेत. ते सांगतेत तसं लिहिते:

"मोटारसायकलवर मागं बसणाऱ्या म्हाताऱ्याला हेल्मेट लागतं का? टोपी हाय डोक्यावर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक जण आंबाजोगाईला चाललाय, त्याच्या मागं बसून यायचा इचार हाय. रस्त्यात तूच उभी राहिलीस तर पावती फाडशील का?"

तुझी,
वहिनी


अंबाजोगाई,
२० मार्च २०२६

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

मागं बसणाऱ्यालाही लागतं. टोपी चालत नाही.

फाडीन, आप्पा.

म्हणून मोटारसायकलवर येऊ नका. चौसाळ्याहून एसटीनं या, खिडकीची जागा धरा, गुडघ्याला शाल गुंडाळा. वहिनींना सोबत आणा. त्या रविवारची मी सुट्टी मागितली. मंजुळा मॅडमनी कारण विचारलं. मी म्हटलं, माझे आप्पा येणार आहेत. त्यांनी लगेच सही केली.

स्टँडवर घ्यायला मी येते.

तुमची लेक,
तेजश्री